साष्टींतील एक फ्रेंच विद्यार्थी

आमच्या इकडील तरुण विद्यार्जनासाठीं परदेशीं जाऊं लागल्याला शंभर-सव्वाशें वर्षांवर काळ लोटला. त्यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें कित्येक कुटुंबांत जपून ठेविलेलीं असतात, आणि त्यांपैकीं कांहीं छापलींहि गेलीं आहेत. या पत्रांत एक प्रकार हटकून आढळतो. शनिवार-रविवारची सुटी साधून विद्यार्थी शहराबाहेर पडतो, कोठल्याशा खेडेगांवीं उतरतो, तेथील शेतें, कुंपणें, गाईगुरें व प्रार्थनामंदिराचें शिखर यांचें वर्णन करतो, आणि या देशाचें खरें स्वरूप आपणांस आजच दिसलें असें वडिलांस कळवितो. सहा महिने व्याख्यानें ऐकून जें उमगलें नाहीं तें दोन दिवसांत उमगलें, ही त्याची भावना अगदींच खोटी असते असें नाहीं. परंतु ती पारखून पाहण्याचें साधन आपल्यापाशीं नसतें. कारण ज्या खेड्याविषयीं तो लिहितो तेथील मनुष्य तें पत्र कधींहि वाचीत नाहीं.

तेव्हां याची उलट बाजू पाहण्यास मिळाली तर आपण ती सोडूं नये. डोंगर आपला, खेडें आपलें, आणि लिहिणारा विद्यार्थी परका, असा योग बोरीवलीच्या परिसरापुरता एकदां निश्चित आलेला आहे. इ. स. १७६० च्या अखेरीस आंकेतील द्युपेराँ या नांवाचा एक फ्रेंच तरुण सुरतेहून दक्षिणेकडे निघून साष्टी बेटांत फिरला, व जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि कान्हेरी येथील लेणीं त्यानें पाहिलीं. तो व्यापारी नव्हता, पाद्री नव्हता, आणि त्या वेळीं शिपाईहि नव्हता. तो सुरतेस शिकत होता. पारशी दस्तुरांच्या पायांशीं बसून अवेस्ता वाचावयास शिकणें एवढ्याच एका कामासाठीं तो या देशीं आला होता. साष्टी ही त्याची सहल होय. ती त्यानें लिहून ठेविली, १७७१ सालीं छापली, आणि म्हणून ती आज आपणांस तपासतां येते.

हा विद्यार्थी येथवर कसा पोहोंचला ती हकीगत सहलीपेक्षांहि विलक्षण आहे. आंकेतील हा पॅरिस येथील एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म ७ डिसेंबर १७३१ चा. पाद्री व्हावें म्हणून त्यास प्रथम ओसेर येथें व पुढें हॉलंडांत आमर्सफोर्त येथें धर्मशास्त्र शिकण्यास ठेवलें. तेथें तो हिब्रू व तिच्या भगिनीभाषा शिकला. पाद्री मात्र झाला नाहीं. पॅरिसला परत आल्यावर राजग्रंथालयांत तो दिवसचे दिवस बसूं लागला, आणि १७५४ सालीं त्याच्या दृष्टीस चार पानें पडलीं. ऑक्सफर्ड येथें वेंदिदादाची एक हस्तलिखित पोथी होती. तिच्यांतील चार पानांची ती हुबेहूब नक्कल होती. अक्षरें स्पष्ट दिसत होतीं, परंतु त्यांचा अर्थ सांगेल असा एकहि मनुष्य उभ्या युरोपांत नव्हता. इतर पंडितांनीं हीं पानें पाहून मान डोलविली व तीं बाजूस ठेविलीं. आंकेतीलनें असा विचार केला कीं, ज्या लोकांचा हा ग्रंथ आहे ते लोक जर गुजराथेंत जिवंत आहेत, तर त्यांच्याकडे जाऊन विचारावें हें उत्तम.

विचार साधा होता, पण खिशांत पैसा नव्हता. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानाकरितां शिपाई भरती करीत होती. त्यांत त्यानें आपलें नांव घातलें. ७ नोव्हेंबर १७५४ रोजीं रंगरुटांच्या टोळीबरोबर तो पॅरिसहून पायीं निघाला. बोचक्यांत थोडे कपडे, गणिताच्या उपकरणांची पेटी आणि हिब्रू बायबल. बंदरास पोहोंचल्यावर त्यास कळलें कीं, राजानें आपणांस वर्षाला ५०० लिव्हर वेतन मंजूर केलें असून शिपाईगिरी करण्याचें कारण उरलें नाहीं. आमच्या महाविद्यालयांत परदेशीं जाणाऱ्या मुलांचे अर्ज तपासण्याचें काम आमच्याकडे बरींच वर्षें आहे. बंदुकीखालीं नांव नोंदवून शिष्यवृत्ति मिळविणारा उमेदवार अद्यापि आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

ऑगस्ट १७५५ मध्यें तो पाँडिचेरीस उतरला. तेथें फारसी शिकला. नंतर बंगाल्यांत चंद्रनगरास गेला. तेथून काशीस जाऊन संस्कृत शिकण्याचा त्याचा बेत होता. परंतु १७५७ च्या मार्चांत इंग्रजांनीं चंद्रनगर घेतलें आणि बेत फसला. तो पूर्वकिनाऱ्यानें पाँडिचेरीस परतला, पुढें माहे, गोवें, औरंगाबाद व वेरूळ अशी वाट करीत १७५८ च्या उन्हाळ्यांत सुरतेस पोहोंचला. या वाटेंत घाट चढून तो प्रथम मराठी मुलखांत शिरला, त्या वेळीं आपण जणूं सत्ययुगांतच आलों असें त्यास वाटलें; लोक आनंदी, धडधाकट आणि अतिथिप्रिय आहेत असें त्यानें लिहून ठेविलें. हें वाक्य आमच्या इतिहासकारांना फार प्रिय आहे, आणि पेशवाईच्या उत्कर्षाचा दाखला म्हणून तें पुनःपुन्हां पुढें करण्यांत येतें. आम्हांस त्याचा अभिमान वाटतोच. तथापि एवढें सांगणें भाग आहे कीं, बंगाल्यांतील लढाई पाहून आलेल्या व महिनोन्महिने चालून थकलेल्या पांथस्थास पहिल्या गांवीं ताक-भाकर मिळाली म्हणजे सत्ययुग आठवणें स्वाभाविक आहे. ज्या मराठी घोडदळाच्या घरांत त्यास हें सत्ययुग दिसलें, त्याच घोडदळाविषयीं गुजराथेंतील रयतेस विचारलें असतें तर युगाचें नांव निराळें पडलें असतें.

सुरतेंत त्याचे गुरु दोन. मुख्य दस्तूर दाराब कुमाना, आणि त्यांच्या जोडीला दस्तूर काऊस. हिंदुस्थानांतील पारशी धर्मगुरूंची विद्या त्या शतकाच्या आरंभीं क्षीण झाली होती. इराणांतील कर्माणहून दस्तूर जामास्प विलायती हे इकडे आले व त्यांनीं कांहीं निवडक तरुणांस अवेस्ता आणि पहलवी शिकविली. दाराब हे त्यांपैकीं एक होत. म्हणजे आंकेतीलच्या हातीं आलेली विद्या ही आयती पुरातन ठेव नव्हती. एका पिढीपूर्वींच एका परदेशीय गुरूनें ती पुन्हां पेरली होती, आणि आतां दुसरा परदेशीय तिचें पीक न्यावयास आला होता. गुरु व शिष्य यांच्यामधील भाषा फारसी. दाराब पहलवी परंपरेप्रमाणें अर्थ सांगत, तो फारसींत उतरे, आणि आंकेतील तो फ्रेंचमध्यें लिहून घेई.

हें शिक्षण प्रेमाचें नव्हतें. गुरूस द्रव्य हवें होतें, शिष्यास घाई होती, आणि पारशी समाजांतील पुष्कळांस हा व्यवहार मुळींच पसंत नव्हता. दाराबांनीं दिलेली पोथी अपुरी आहे असा शिष्यास संशय आला. त्या वेळीं सुरतेच्या पारशांत दोन तट असून, डच वखारीचे दलाल मंचेरजी शेट हे दाराबांच्या विरुद्ध तटाचे पुढारी होते. आंकेतीलनें त्यांच्याकडून दुसरी प्रत मिळविली, दोन्ही ताडून पाहिल्या, आणि गुरूस पेंचांत पकडलें. त्यानंतर शिकवणी सुरळीत चालूं लागली असें तो मोठ्या फुशारकीनें सांगतो. आपण पारशी वेष घेऊन अग्निमंदिरांत शिरल्याचेंहि तो सांगतो. सर जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं १९१६ सालीं आंकेतील व दाराब यांच्यावर लिहिलेल्या निबंधांत त्याच्या विधानांची बारकाईनें छाननी केली आहे, व गुरूची बाजू मांडली आहे. ती मांडली गेली हें योग्यच झालें. समाजाचा रोष पत्करून परक्यास आपलें शास्त्र सांगणाऱ्या दाराबांना काय सोसावें लागलें असेल याचा विचार त्यांच्या शिष्याच्या ग्रंथांत फारसा दिसत नाहीं.

१७५९ मध्यें वेंदिदादाचें भाषांतर पुरें झालें. त्याच वर्षीं आंकेतीलच्या हातून द्वंद्वांत त्याचाच एक देशबांधव ठार झाला. तेव्हां त्यास सुरतेंतील इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. दोन राष्ट्रांत उघड युद्ध चालू असतां फ्रेंच राजाच्या वेतनावरचा हा विद्यार्थी इंग्रजी निशाणाखालीं बसून पोथ्या वाचीत होता. १७६० च्या अखेरीस त्याचें काम बहुतेक आटोपलें, प्रकृति ढांसळली होती, पोथ्यांचा संग्रह बांधून तयार झाला होता. वेरूळ त्यानें पाहिलेंच होतें. स्वदेशीं निघण्यापूर्वीं साष्टींतील लेणीं पाहून घ्यावीं अशा इच्छेनें तो सुरतेबाहेर पडला.

या वेळीं देशांत काय चाललें होतें याचें स्मरण वाचकांस करून देणें अवश्य आहे. साष्टी व वसई यांवर मराठ्यांचा अंमल बसून वीस वर्षें झालीं होतीं. ठाणें १७३७ सालीं, आणि चिमाजीअप्पांच्या हातीं वसई १७३९ च्या मे महिन्यांत आली. नानासाहेब पेशवे पुण्यास होते. सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतावर पडली होती आणि तेथें धान्य महागत चाललें होतें. तिकडे दक्षिणेंत इंग्रजांनीं पाँडिचेरीस वेढा घातला होता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, आणि पाँडिचेरीनें शरणागति पत्करली ती दुसऱ्याच दिवशीं. ज्यांच्या मुलखांतून तो चालला होता त्या मराठ्यांचें, आणि ज्यांचा तो प्रजाजन होता त्या फ्रेंचांचें, अशीं दोन राज्यांचीं भाग्यें अशा रीतीनें एकाच आठवड्यांत फिरलीं. अशा दिवसांत हा मनुष्य लेण्यांचे खांब मोजीत होता. त्याबद्दल त्यास हंसावें कीं त्याची तारीफ करावी? आमचा कल तारीफ करण्याकडे आहे. त्या हिवाळ्यांत पेशव्यांच्या, लालीच्या अथवा मुंबईकर इंग्रजांच्या कचेरींत जें जें महत्त्वाचें म्हणून लिहिलें गेलें, त्यांतील पुष्कळसें सहा महिन्यांत निरर्थक झालें. खांबांची मोजणी मात्र आजहि पडताळून पाहतां येते.

त्या काळची साष्टी डोळ्यांपुढें आणावयाची तर आजचें बहुतेक सर्व पुसून टाकावें लागतें. बोरीवलीचें आगगाडीचें स्टेशन नाहीं. तुळशीचा तलाव (१८७९) नाहीं, विहारचा (१८६०) नाहीं. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखलें जाणारें सारें रान सलग पसरलेलें, आणि त्यांतून दहिसरची नदी मोकळी वाहत पश्चिमेच्या खाडीस मिळते. पश्चिमेस भातखांचरें व मिठागरें. मधून मधून शिंपवली, एकसर, मागाठणें, कांदिवली अशीं खेडीं. एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्धाचीं चित्रें कोरलेलीं आहेत, मागाठण्यास बौद्ध लेणीं आहेत, आणि कान्हेरीच्या एका शिलालेखांत याच मागाठण्याचें जुनें नांव येऊन तेथील शेत संघास दिल्याचें नमूद आहे. म्हणजे हीं खेडीं रानवट दिसलीं तरी अनामिक नव्हतीं. गांवांत हिंदु वस्तीबरोबर ख्रिस्ती वस्तीहि दाट होती. पोर्तुगीजांबरोबर युरोपीय पाद्री निघून गेले आणि त्यांच्या जागीं देशी पाद्री आले. मराठी राज्यांतहि ख्रिस्ती लोकांचे सण थाटामाटानें चालत होते, हें आंकेतीलनें स्वतः पाहून लिहिलें आहे. वसईची मोहीम ही धर्मयुद्ध म्हणून वर्णिली जाते. तिच्या मागें पोर्तुगीजांनीं केलेला धर्मच्छळ होता हेंहि खरें. विजयानंतर वीस वर्षांनीं त्या विजेत्यांच्या राज्यांत पराजितांचा धर्म कसा नांदत होता, याविषयीं तिऱ्हाइताची ही साक्ष म्हणूनच मोलाची आहे.

मंडपेश्वरास तो "मोंपेसेर" म्हणतो, जोगेश्वरीस "जेगेसेरी", कान्हेरीस "केनेरी". पोर्तुगीज कानांनीं ऐकलेलीं नांवें फ्रेंच लेखणीनें लिहिलीं म्हणजे असें व्हावयाचेंच. मंडपेश्वराची मौज अशी कीं, तेथें या बेटाचा इतिहास एकावर एक रचून ठेविलेला आहे. मूळ शैव लेणें, विद्वानांच्या मतें सुमारें सहाव्या शतकांतलें. आंत नृत्य करणारा शिव व त्याचा परिवार. सोळाव्या शतकांत अन्तोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन साधूनें तेथील योग्यांस घालवून लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें, देवस्थानाचें उत्पन्न पोर्तुगालच्या राजानें त्या मठाकडे लावून दिलें, आणि लेण्याच्या माथ्यावर मठ व मुलांकरितां विद्यालय उभें राहिलें. मूर्तींपुढें भिंत घालून व चुना थापून त्या झांकल्या. १७३९ नंतर पाद्री गेले व मठाची पडझड सुरू झाली. आंकेतीलनें पाहिलें तें हें असें दुहेरी पडकें स्थान, वरती ओसाड पडलेलें विद्यालय आणि खालीं गाडलेलें देऊळ. पाद्री होतां होतां राहिलेल्या त्या तरुणास तेथें काय वाटलें असेल तें असो. त्यानें स्थळाचें वर्णन केलें आणि तो पुढें चालूं लागला. आज लेण्यांतील चुना निघाला आहे, कोरलेला क्रूसहि एका बाजूस दिसतो, आणि वरती पडक्या भिंती उभ्या आहेत. हें स्थान कोणाचें म्हणून वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक आम्हांस भेटले आहेत. ज्यानें त्यानें दुसऱ्याच्या कामावरच आपलें काम बसविलें असल्यामुळें एकास उपटलें कीं दुसरें ढांसळतें, एवढेंच आम्हीं त्यांस सांगितलें. तें कोणासहि आवडलें नाहीं.

कान्हेरीस त्याच्या आधीं येऊन गेलेले युरोपीय प्रवासी पुष्कळ होते. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्यें येऊन गेला, इटालियन जेमेल्ली कारेरी १६९५ मध्यें. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कूतो यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं दोन आख्यायिका लिहून ठेविल्या आहेत. एक अशी कीं, उपर्युक्त अन्तोनियो द पोर्तो हा मशाली, दोर व माणसें घेऊन लेण्यांतील भुयारांत शिरला, आणि सात दिवस चालूनहि त्यास शेवट सांपडला नाहीं. दुसरी अधिक विचार करण्यासारखी आहे. एका राजानें आपल्या मुलास जगांतील दुःख दिसूं नये म्हणून हे महाल खोदविले, असें एका वृद्धानें पोर्तुगीजांस सांगितलें. कूतोस यांत ख्रिस्ती संत जोसाफात याची कथा दिसली. ही जोसाफाताची कथा म्हणजे बुद्धचरित्रच होय. तें देशोदेशींच्या भाषांतून फिरत युरोपांत गेलें आणि तेथें ख्रिस्ती झालें. कान्हेरीच्या आसपासच्या लोकांत बौद्ध धर्माचें नांवहि उरलें नव्हतें, तेव्हांहि शुद्धोदनाची गोष्ट कोणा म्हाताऱ्याच्या तोंडीं शिल्लक होती, हें आम्हांस सात दिवसांच्या भुयारापेक्षां अधिक आश्चर्याचें वाटतें.

आंकेतीलचें वर्णन या सर्वांहून निराळें पडतें. तो भुयारांत रमत नाहीं. तो एकेक लेणें क्रमानें घेतो, त्याचीं मापें, खांब, ओटे, पाण्याचीं टांकीं, मूर्ति यांची नोंद करतो, व पुढच्याकडे वळतो. वाचावयास तें कंटाळवाणें आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु पोथीचीं पानें मोजून, प्रतीशीं प्रत ताडून पाहण्याची जी संवय त्यास सुरतेंत लागली होती, तीच त्यानें येथें डोंगरास लावली. कान्हेरीस शंभराहून अधिक लेणीं आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य हा कार्ल्याच्या घाटाचा पण अपुरा राहिलेला. त्याच्या पडवींत दोन्ही टोकांस सुमारें तेवीस फूट उंचीच्या बुद्धमूर्ति. गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीच्या कारकीर्दीचा लेख. याच चैत्यांत पोर्तुगीजांनीं कांहीं काळ सेंट मायकेलचें प्रार्थनामंदिर केलें होतें. प्रत्येक विहारापुढें खडकांत खोदलेलें टांकें, ज्यास शिलालेखांत "पोढी" असा शब्द आहे. कल्याण, सोपारें, चौल, नाशिक येथील गृहस्थांनीं या पोढ्या व हे ओटे दान दिले.

यांतलें शेवटचें वाक्य आंकेतीलला लिहितां आलें नसतें. दाराशेजारीं कोरलेलीं अक्षरें त्याच्या समोर होतीं, पण ती ब्राह्मी लिपि तेव्हां कोणास वाचतां येत नव्हती. प्रिन्सेपनें ती १८३७ च्या सुमारास उलगडली. चार पानांवरील अक्षरें कळेनात म्हणून जो मनुष्य अर्धी पृथ्वी ओलांडून आला, त्याच्या पुढें पुन्हां न कळणाऱ्या अक्षरांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि या खेपेस शिकविण्यास कोणी दाराब नव्हता. दाराब मिळते तर काय कळतें याचा मासला पाहण्यासारखा आहे. दरबार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकराव्या लेण्याच्या परिसरांत राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचे, म्हणजे कोंकणांत शिलाहार राज्य करीत होते त्या वेळचे लेख आहेत. गौड देशाहून, म्हणजे बंगाल्यांतून, आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें शके ७७५ मध्यें येथें शंभर द्रम्म ठेव म्हणून ठेविले. पुल्लशक्ति शिलाहाराच्या वेळच्या दुसऱ्या एका दानांत पूजा, डागडुजी, भिक्षूंचीं वस्त्रें यांची तरतूद करून शेवटीं पुस्तकांसाठीं एक द्रम्म नेमलेला आहे. एकच. ग्रंथखरेदीची रक्कम सर्वांच्या खालीं व सर्वांत कमी लिहिण्याची वहिवाट आमच्या संस्थाचालकांनीं कोठून उचलली याचा उलगडा आम्हांस हा लेख वाचून झाला. तथापि तो एक द्रम्म कोरून ठेवण्याजोगा वाटला यावरून हें स्थान केवळ पूजेचें नसून अध्ययनाचेंहि होतें, आणि तेथें दूरदेशींहून लोक येत, हें ध्यानांत येतें.

एप्रिल १७६१ मध्यें आंकेतील मुंबईहून इंग्रजी जहाजानें निघाला. इंग्लंडांत पोहोंचल्यावर आपली विद्या पडताळण्यासाठीं तो ऑक्सफर्डला गेला व ज्या पोथीच्या चार पानांनीं हें सारें सुरू झालें ती त्यानें प्रत्यक्ष पाहिली. १५ मार्च १७६२ रोजीं १८० हस्तलिखितें त्यानें पॅरिसच्या राजग्रंथालयांत जमा केलीं. स्वतःजवळ एकहि ठेविलें नाहीं. १७७१ सालीं झेंद अवेस्ताचें भाषांतर तीन भागांत बाहेर पडलें, व त्याच्या आरंभीं ग्रंथाएवढ्या लांबीची प्रवासाची प्रस्तावना होती. आमची साष्टी आहे ती हींत. ऑक्सफर्डच्या पंडितांचा त्यानें हींत उपहास केला होता. त्याचा सूड तरुण विल्यम जोन्स यानें एक फ्रेंच पत्रक छापून घेतला. असल्या निःसत्त्व गोष्टी झरथुष्ट्राच्या असूंच शकत नाहींत, हा मनुष्य फसला आहे, असा त्याचा सूर होता. पुढें ज्याच्या नांवानें संस्कृत विद्येचा युरोपांत उदय झाला त्या जोन्सनें या एका प्रकरणीं अन्याय केला. १८२६ मध्यें डेन्मार्कच्या रास्कनें आणि १८३३ मध्यें ब्यूर्नूफनें संस्कृताशीं तुलना करून अवेस्ताची भाषा अस्सल व प्राचीन असल्याचें सिद्ध केलें. भाषांतर सदोष होतें, पोथी खरी होती.

आंकेतीलनें १७७८ सालीं पूर्वेकडील कायद्यांवर आणखी एक ग्रंथ लिहिला. आशियांत राजा हाच सर्व भूमीचा धनी असतो, प्रजेस मालकीहक्क ठाऊक नाहीं, हें माँतेस्कियप्रभृतींचें मत त्यानें त्यांत खोडून काढलें. आमच्या मतें हा त्याच्या पायपिटीचा खरा लाभ होय. जो गांवोगांव उतरला, ज्यानें शेतें, वतनें आणि तंटे पाहिले, त्यास असल्या सिद्धांतांतील पोकळपणा दिसल्यावांचून राहत नाहीं. म्हातारपणीं, १८०१-०२ मध्यें, दारा शुकोहनें करविलेल्या फारसी तर्जुम्यावरून त्यानें पन्नास उपनिषदें लॅटिनमध्यें उतरविलीं. शोपेनहौअरनें उशाशीं बाळगलें तें हेंच पुस्तक. काशीस जाणें झालें नाहीं तें त्यानें अशा आडवाटेनें पुरें केलें. १७ जानेवारी १८०५ रोजीं तो पॅरिस येथें वारला, आणि तोंवर अत्यंत दारिद्र्यांत राहिला.

कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यांत खांबांवर कांहीं लेख आहेत. ते ब्राह्मींत नाहींत, संस्कृतांत नाहींत. ते पहलवींत आहेत. यज्दगर्द शकाच्या ३७८ व्या व ३९० व्या वर्षीं येथें आलेल्या इराणी धर्मबांधवांचीं नांवें त्यांत नोंदलेलीं आहेत. १७६० सालीं पहलवी शिकलेला युरोपीय जगांत एकच होता, आणि तो या डोंगरावर होता. परंतु हे लेख वाचून प्रसिद्ध केले ते १८८० सालीं एडवर्ड वेस्ट यानें. हा वेस्ट जी. आय. पी. रेल्वेचा इंजिनियर. कान्हेरीच्या शिलालेखांच्या नकला त्यानें १८६१ मध्यें मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत छापल्या होत्या. पुढें तो पहलवीचा अग्रगण्य पंडित झाला, व ज्या अभ्यासांत तो पडला त्याचा युरोपांतील आरंभ सुरतेच्या त्या फारसी शिकवणींत झाला होता. लेखांतील मित्या इंग्रजी गणनेनें १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१ अशा येतात. पावसाळा सरून ओढ्यांचें पाणी उतरलें म्हणजे ते लोक आले. आंकेतीलहि त्याच सुमाराच्या मोसमांत आला, आणि बोरीवली स्टेशनावरून विद्यार्थ्यांच्या टोळ्या रविवारीं कान्हेरीच्या वाटेला लागतात त्याहि बहुधा याच महिन्यांत.